मदत हवी आहे: मूडल-व्हीपीएलमध्ये टीएला कोणता रोल द्यावा?

लॅब_सोलापूर:
सोलापूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, डेटा स्ट्रक्चर्सची लॅब, 20-20 च्या चार बॅच. मुलांचे प्रोग्रॅम मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) येतात, त्यातलं व्हीपीएल (व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग लॅब) प्लगिन ते आपोआप तपासतं. फायनल इयरच्या मुलांना टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून 'टीचर' रोल, म्हणजे त्या नावाचा परवानग्यांचा संच, दिला होता. प्रत्येकाला चारही बॅच दिसतात, टेस्ट केस (तपासणीसाठी ठरवलेलं इनपुट आणि अपेक्षित आउटपुट) उघडतात, बदलताही येतात. 'नॉन-एडिटिंग टीचर' दिला तरी तेच. शिवाय एचओडींना (विभागप्रमुखांना) सगळ्या कोर्सचे फक्त मार्क बघायचेत. त्यांना 'मॅनेजर' रोल द्यावा का?

कडकभाकरी:
जुना 'टीचर' काढला नसणार. एका कोर्सात दोन रोल असले की परवानग्यांची बेरीज होते. कोर्सच्या 'पार्टिसिपंट्स' यादीमध्ये रोलशेजारच्या पेन्सिलवर क्लिक करून 'टीचर' काढा आणि सेव्ह करा. टेस्ट केस बदलायला व्हीपीएलची 'मॅनेज' परवानगी लागते, ती नॉन-एडिटिंगला मुळात नसते. 'ग्रेड' असते, त्यामुळे सबमिशन बघून मार्क देता येतात.

बॅचसाठी चार ग्रुप करा. कोर्स सेटिंग्जमध्ये ग्रुप मोड 'सेपरेट ग्रुप्स', फोर्स 'येस'. टीएलाही त्याच्याच ग्रुपात टाका. हे हमखास राहून जातं, आणि मग टीएला एकही मुलगा दिसत नाही.

एचओडींना मॅनेजर नकोच, एका चुकीच्या क्लिकनं कोर्स उडायचा. नवा रोल बनवा आणि तो कॅटेगरीवर (कोर्स ज्या गटात ठेवलेत त्यावर) नेमा, म्हणजे खालच्या सगळ्या कोर्सना लागू होईल. त्यात मार्क बघण्याच्या 'ग्रेड व्ह्यूऑल' आणि 'ग्रेडर रिपोर्ट व्ह्यू' हव्यातच, पण 'कोर्स व्ह्यू'सुद्धा द्या. ती नसेल तर एनरोल नसलेल्या माणसाला कोर्स दारातूनच परत पाठवतो.

लॅब_सोलापूर:
जमलं, धन्यवाद. टीएला आता आपलीच बॅच दिसते. पण लपवलेल्या टेस्ट केस मुलांना अजूनही कळताहेत. टीए फोडत असतील का?

शेंगाचटणी:
टीएला कशाला धरताय? केस फेल झाली की इनपुट आणि अपेक्षित आउटपुट व्हीपीएलच विद्यार्थ्याला दाखवतं. रोल कितीही नीट लावले तरी हे थांबत नाही. प्रत्येक लपवलेल्या केसमध्ये 'फेल मेसेज =' ही ओळ घाला आणि पुढे मोघम लिहा, उदाहरणार्थ 'रिकाम्या लिस्टचा विचार करा'. मग इनपुट-आउटपुटऐवजी तेवढंच दिसेल. केसचं नावही मुलांना दिसतं, त्यात आकडे नकोत. आधीची इनपुटं मात्र फुटलीच असं धरून बदला, व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच फिरली असतील.