एसएचएलमधील पदावनती बंद करावी का?

बर्फवेडा: स्वीडनच्या एसएचएल या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा २०२४-२५ चा हंगाम लुलेओने जिंकला, तोही १९९६ नंतर प्रथमच, मला मात्र त्याच वसंतात खाली गेलेला मोडो विसरता येत नाही. चौदा संघ प्रत्येकी ५२ सामने खेळतात, मग तेरावा आणि चौदावा यांची मालिका होते, तीत चार सामने आधी जिंकणारा वाचतो आणि हरणारा दुसऱ्या श्रेणीत जातो. पेटर फोर्सबर्ग आणि सेदीन बंधू हे नामवंत हॉकीपटू जिथे घडले, तो हा क्लब सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२३ मध्ये वर आला होता आणि दोनच हंगामांत पुन्हा घसरला. ही पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तळाच्या संघाला भीतीपोटी बाहेरून तयार खेळाडू आणावे लागतात आणि स्वतःच्या अकादमीतला अठरा वर्षांचा मुलगा सर्वांत कमी खेळणाऱ्या चौथ्या फळीत, तोही बहुतेक वेळ बाकावरच बसून राहतो.

निळी_रेघ: मी पूर्णपणे असहमत आहे. ब्रीनेस हा क्लब १९६० पासून सलग वरच्या श्रेणीत होता, २०२३ मध्ये खाली गेला, वर्षभरात परतला आणि २०२५ मध्ये थेट अंतिम मालिकेत लुलेओशी भिडला. मार्चमध्ये एका गोलने मागे पडलेला तळाचा संघ शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवतो आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, रिकाम्या जाळीकडे घरंगळू लागतो, तेव्हा सारे प्रेक्षागृह श्वास रोखून उभे असते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील लीगमध्ये तळाच्या संघाला खाली जाण्याची धास्तीच नाही. उलट शेवटच्या क्रमांकाला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या निवडीच्या, सोडतीत पहिली निवड मिळण्याची सर्वाधिक संधी असते.

जुना_चाहता: ब्रीनेसचे उदाहरण खरे असले तरी अर्धेच आहे. सोळा विजेतेपदे मिळवणारा, म्हणजे देशात सर्वाधिक यशस्वी असलेला युर्गॉर्डेन २०२२ मध्ये घसरला, २०२३ च्या बढतीच्या अंतिम मालिकेत मोडोकडून आणि २०२४ मध्ये ब्रीनेसकडून हरला आणि २०२५ मध्ये एआयके या क्लबला हरवून कसाबसा परतला. दोष पदावनतीचा नाही. वर येण्याचे दार एकच आहे, हा खरा दोष आहे. दोन संघ वर यावेत आणि दोन खाली जावेत.

बर्फवेडा: युर्गॉर्डेनचा मुद्दा मला मान्य आहे, पण दोन संघ खाली जाणार असतील, तर आज निर्धास्त असलेला अकरावा संघही नवख्या मुलांना बाकावरच बसवेल.

जुना_चाहता: परतीची वाट रुंद असेल, तर घसरणीची धास्ती मुळातच कमी होईल, आज संघ इतके घाबरतात, ते एकदा खाली गेल्यावर किती वर्षे तिथेच अडकून पडू, हे कुणालाच सांगता येत नाही म्हणून.