'शट अप!' म्हणजे दरवेळी गप्प बस नाही, हे क्लासात शिकवायला नको का?

सातारकर: मी मराठी मिडियमचा. पहिल्या नोकरीत अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असायचे, एकदा गप्पांत मी सांगितलं की बहिणीच्या लग्नात आठशे पान उठलं, तर तिकडची बाई केवढ्यांदा ओरडली, 'शट अप!' मी गप्पच झालो, अख्ख्या कॉलमध्ये पुन्हा तोंड उघडलं नाही. नंतर टीममधली एकजण म्हणाली अरे तिला भारी वाटलं म्हणून बोलली ती, आपण 'चल, काहीतरीच काय!' म्हणतो ना तसं. 'गेट आउट' पण तसलंच, आपलं 'चल हट'. आणि क्लासात आम्हाला शिकवलं काय, तर 'व्हॉट अ सरप्राइज!' स्पोकन इंग्लिश म्हणून फी घेता तर हे शिकवायलाच पाहिजे.

क्लासवाली ताई: नाही पटलं. मी शिकवते म्हणून सांगते, पोरं शब्द पटकन उचलतात, सूर उचलत नाहीत. त्या 'शट अप'मध्ये 'अप' लांबवतात, चेहरा हसरा असतो, तेच तुटक म्हटलं की सरळ अपमान. माझा एक विद्यार्थी इंटरव्ह्यूत पगाराचा आकडा ऐकून 'आर यू किडिंग मी?' म्हणाला, आनंदाने हो, पण समोरच्याला वाटलं आकडा कमी पडला म्हणून चिडलाय. मी 'नो वे' आणि 'रिअली?' एवढंच बोलायला देते. त्या 'रिअली?'वरच दोन दिवस जातात, शेवट वर गेला की नवल, खाली आला की 'थापा मारतोयस' असं होतं.

वसईकरीण: ताईंना +१. आम्ही कॅथलिक, घरात 'ओ माय गॉड' म्हटलं की आजी लगेच रागवायची, देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही, दहा आज्ञांतच आहे ते. इंग्रजीत 'गॉश', 'जी', 'क्रायकी' आले ते त्याच धाकाने, देवाचं आणि येशूचं नाव टाळायला, आणि 'ब्लायमी' म्हणजे तर 'गॉड ब्लाइंड मी', चक्क शपथ. आपण 'अरे देवा' दिवसातून दहादा म्हणतो म्हणून तेही तसंच वाटतं, पण तिकडे काही घरांत ते खरंच लागतं. आणि 'ओएमजी' हे मोबाइलवाल्या पोरांचं खूळ नाही बरं, ब्रिटिश ॲडमिरल फिशरनी १९१७ मध्ये चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे, कंसात अर्थ देऊन.

बापरे_पुरे: आपल्यात बोलताना तरी 'अगं बाई', 'आईशप्पथ' म्हणा की. आमच्या घरात लहान मुलं ठेच लागली तरी 'ओ माय गॉड'.

सातारकर: @बापरे_पुरे घरात मीही 'आयला'च म्हणतो, इथे प्रश्न कामाच्या ठिकाणचा आहे. ताई, सुराचं पटलं, बोलायला नका शिकवू. पण ऐकायला तरी घ्या ना, पाच मिनिटं. मला तेवढं जरी माहीत असतं तर त्या दिवशी मी तिला पंगतीचं पुढचं सगळं सांगितलं असतं, ती ऐकायलाच बसली होती.