राजगड-तोरणा थ्रीडीत बघायचंय, पण क्यूजीआयएसमध्ये सगळं सपाट

भटका_भोर:
मंडळी मदत करा, दोन रात्री घालवल्यात यात. पुढच्या महिन्यात ग्रुपला घेऊन राजगड-तोरणा करायचाय, निम्मी पोरं नवीन आहेत, म्हणून संजीवनी माचीवरून उतरून बुधला माचीपर्यंत ती लांबलचक सोंड कशी जाते ते आधी स्क्रीनवर दाखवावं असं डोक्यात आलं. एसआरटीएमचा, म्हणजे रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या डेटाचा, एन१८ई०७३ तुकडा डाउनलोड केला, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, करडा चौकोन आला, इथवर ठीक. मग हिलशेड (उंचीवरून काढलेली डोंगरांची ऊन-सावली) काढलं तर डोंगर कुठेच नाहीत, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर यायच्या तशा नुसत्या मुंग्या. थ्रीडी मॅप व्ह्यू उघडायला गेलो तर म्हणे आधी प्रोजेक्टेड सीआरएस, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत, लावा, लावला ३८५७ नंबरचा, खिडकी उघडली आणि आत पोळपाट!! लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्यामुळे होतंय का?

नकाशाकाका:
लॅपटॉपला कशाला बोल लावतोस, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. तुझे दोन वेगळे घोळ झालेत.
मुंग्यांचं कारण असं की त्या फाइलमध्ये आडवं अंतर अंशात आहे आणि उंची मीटरमध्ये. एक पिक्सेल म्हणजे ०.०००२८ अंश, तेवढं पुढे सरकलं की उंची समज १० मीटरने वाढली, आता सॉफ्टवेअरला वाटतं ०.०००२८ चालून १० वर चढलो, म्हणजे जिकडेतिकडे उभा कडाच. तू खाली कोपऱ्यात ३८५७ लावलंस त्याने फक्त प्रोजेक्टचा सीआरएस बदलला, लेअर अजून अंशातच बसलाय. रास्टर मेनूतून वार्प चालव, त्याने लेअरच नव्या सीआरएसमध्ये बदलतो, ईपीएसजी नंबर ३२६४३ दे, म्हणजे यूटीएम पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, आणि प्रोजेक्टलाही तोच लाव. ३८५७ वर आपल्या अक्षांशाला आडवी अंतरं पाचेक टक्के ताणली जातात, डोंगर तेवढे बसके दिसतात. वार्पमध्येच रीसॅम्पलिंग, म्हणजे नव्या पिक्सेलचा आकडा काढायची पद्धत, बायलिनिअर कर, आपोआप येतं ते निअरेस्ट नेबर ठेवलंस तर हिलशेडवर लुगड्याच्या चौकड्या उमटतात.
आणि पोळपाट का, तर थ्रीडी खिडकीच्या सेटिंगमध्ये टेरेनचा प्रकार मुळात फ्लॅटच असतो, तिथे डीईएम (उंचीचा डेटा) निवडून तुझा नवीन लेअर द्यायचा.

वऱ्हाडी_रास्टर:
काकांचं बरोबर, फक्त ४३ सगळीकडे ठोकू नका, ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ लागतो, आमचं नागपूर त्यात येतं. आणि आख्खा तुकडा कशाला वार्प करतोस, ३६०१ बाय ३६०१ म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख पिक्सेल, आधी दोन्ही गडांभोवतीचा चौकोन क्लिप कर, मग ८ जीबीतही पळेल.

भटका_भोर:
आलं!!! काका साष्टांग. मधलं बटण दाबून फिरवत बसलोय, बायको जेवायला हाका मारतेय. पण बालेकिल्ला मोदकासारखा गुळगुळीत दिसतोय, आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला ट्रॅक मध्येच जमिनीत घुसतो मध्येच हवेत.

नकाशाकाका:
ट्रॅकला थ्रीडी सिम्बॉलॉजी (रेघ थ्रीडीत वेगळी काढायची सेटिंग) लावली असशील, ती काढ. साधी रेघ ठेवलीस की चादर अंथरल्यासारखी जमिनीवर बसते. मोबाइलच्या जीपीएसची उंची भरवशाची नसते, तिच्या नादी लागू नकोस.
गुळगुळीतपणाचं म्हणशील तर टेरेनच्या सेटिंगमध्ये टाइल रिझोल्यूशन १६ पिक्सेल असतं, ते ६४ करून बघ, धारा जरा उठतील. पण मूळ डेटाच ३० मीटरचा, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने मोजलेला, त्यात बालेकिल्ल्याचा कातळ उतारासारखाच येणार. युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाचा डीईएमसुद्धा ३० मीटरचाच आहे पण नंतरच्या उपग्रहांचा, तो लावून बघ, मला तरी सह्याद्रीत तो जास्त रेखीव वाटतो.

घाटवाटाप्रेमी:
व्हर्टिकल स्केल १.५ कर की, मस्त रांगडा दिसतो सह्याद्री.

नकाशाकाका:
नवीन पोरांना दाखवायचंय ना, मग १ च ठेव. दीडपट केलंस तर ती सोंड बघून निम्मे जण आजारी पडतील.

भटका_भोर:
१ वरच ठेवलंय, तरी एकाने "हे एका दिवसात?" विचारलंच. शेवटचं एक, सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, काही केल्या दिसत नाही, नेमक्या जागी झूम करून झालं.

वऱ्हाडी_रास्टर:
दिसणारच नाही भाऊ. रास्टर म्हणजे आकड्यांची चौकट-जाळी, तिच्या एका घरात एकच आकडा मावतो, तिथल्या माथ्याची उंची. खाली पोकळ आहे हे सांगायला त्यात जागाच नाही, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा आत गेलेला पोटाचा भागही म्हणून असा कधीच येत नाही. त्यातून नेढं ३० मीटरच्या एका घरात कुठल्या कुठे हरवतं. डीईएम बदलून उपयोग नाही, त्याला पॉइंट क्लाउड (मोजलेल्या असंख्य बिंदूंचा संच) किंवा ड्रोनच्या फोटोंचं मॉडेल लागतं.

भटका_भोर:
बरं मग तिथे पिवळा ठिपका टाकून "इथे भोक आहे" असं लेबल लावतो. आता ग्रुपवर एकीने विचारलंय पाण्याची टाकी कुठे कुठे आहेत, ती बसतो टाकत.