मदत हवी आहे: काटापावतीचा प्रोग्राम पोस्टग्रेसवर नेताना ओडीबीसी अडतंय

पऱ्हाटी:
हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगचं काम आहे. धर्मकाट्याच्या खोलीत ६४-बिट विंडोज १०, त्यावर काटापावतीचा जुना ३२-बिट प्रोग्राम. आतापर्यंत डेटा त्याच मशीनवरच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसमध्ये जायचा, ओडीबीसीतून (प्रोग्रामाने डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत). आता ऑफिसमधल्या लिनक्स मशीनवर पोस्टग्रेस १५ हा दुसरा डेटाबेस बसवला, पत्ता १९२.१६८.१.१०. काट्याच्या मशीनवर ड्रायव्हर टाकून त्याच नावाचा डीएसएन (कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या डेटाबेसला जोडायचं याची नोंद) केला. 'टेस्ट' दाबलं की कनेक्शन होतं, पण प्रोग्राम आयएम०१४ चूक दाखवतो. ओडीबीसी सगळ्यांसाठी एकच मानक आहे, मग नुसता ड्रायव्हर बदलून का भागत नाही? कापसाच्या गाड्यांची रांग लागायच्या आत हे बसलं पाहिजे.

रेचा:
भाऊ, आयएम०१४ म्हणजे ३२-बिट प्रोग्रामाला ६४-बिट ड्रायव्हर मिळाला. ड्रायव्हर प्रोग्रामाच्याच प्रोसेसमध्ये लोड होतो, त्यामुळे विंडोज कितीही बिटचं असो, ड्रायव्हर प्रोग्रामाच्या बिटचाच लागतो. ३२-बिटचा पोस्टग्रेस ड्रायव्हर टाका. मग विंडोज फोल्डरातल्या सिसवॉव६४ मधून ओडीबीसीएडी३२ उघडा आणि तिथे सिस्टिम डीएसएन करा. नावं फसवी आहेत: सिसवॉव६४ मधला ३२-बिटचा, सिस्टिम३२ मधला ६४-बिटचा. आधीचा डीएसएन काढून टाका, नाहीतर पुढच्या माणसाचा गोंधळ होईल.

मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे. ड्रायव्हरच्या वरच्या अंगाला ओडीबीसी असतं: प्रोग्रामाने कोणतं फंक्शन कसं बोलवायचं ते ठरलेलं. खालच्या अंगाला सॉकेट असतं, म्हणजे प्रोग्रामाने नेटवर्कशी बोलायची ठरलेली पद्धत, ते बर्कलेच्या युनिक्समधून १९८३ साली आलं. विंडोजवर सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं टीसीपी/आयपी वेगळं होतं, विन्सॉक, म्हणजे विंडोजसाठीचं सामायिक सॉकेट, आल्यावर ती भानगड मिटली. म्हणून तुमच्या खोलीत केबल असो की वायफाय, स्विच कोणत्याही कंपनीचा असो, ड्रायव्हरला फरक पडत नाही. पण या दोन अंगांच्या मधे तारेवरून जी भाषा जाते ती ज्याची त्याची. एसक्यूएल सर्व्हर टीडीएस नावाची भाषा बोलतो, सहसा पोर्ट १४३३ वर. पोस्टग्रेस स्वतःची भाषा ५४३२ वर. त्या भाषेचं भाषांतर ड्रायव्हर करतो. प्रोग्रामाने लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, मात्र तो बहुतेक जशीच्या तशी पुढे पाठवतो, आणि तुमचं खरं काम तिथेच निघेल.

पऱ्हाटी:
३२-बिटचा टाकला, आयएम०१४ गेलं. आता दोन अडचणी. शेतकऱ्याचं नाव इंग्रजीत असलं तर नोंद उघडते, मराठीत असलं की 'विन१२५२ मध्ये समतुल्य अक्षर नाही' येतं. आणि 'शेवटच्या २० पावत्या' हा रिपोर्ट चालतच नाही. रिपोर्टच्या क्वेऱ्या प्रोग्रामाच्या फोल्डरात टेक्स्ट फाइलींत आहेत, त्या बदलता येतात.

रेचा:
ड्रायव्हरच्या यादीत पोस्टग्रेसची दोन नावं दिसतील, एएनएसआय आणि युनिकोड. तुम्ही एएनएसआय निवडला आहे. तो सर्व्हरकडे विंडोजच्या कोडपेजात (ठरावीक अक्षरांच्या तक्त्यात) अक्षरं मागतो आणि तुमच्याकडच्या १२५२ या कोडपेजात देवनागरी नाहीच. डीएसएन युनिकोडवर परत करा. जुन्या डेटाबेसवर मराठी नावं नीट दिसत होती ना? मग प्रोग्राम युनिकोड मागतोच आहे, त्याला हात लावू नका.

धुरा:
रिपोर्टचं मी सांगतो. त्या फाइलीत 'सिलेक्ट टॉप २०' असणार, ते पोस्टग्रेसला कळत नाही. त्याऐवजी पोस्टग्रेसचं 'लिमिट' लिहिलं तर उद्या परत एसक्यूएल सर्व्हरवर जायचं झालं की तेच दुखणं. ऑर्डर बाय नंतर 'ऑफसेट ० रोज फेच नेक्स्ट २० रोज ओन्ली' लिहा. पोस्टग्रेसवरही चालतं, एसक्यूएल सर्व्हरवर २०१२ पासून चालतं. कॉलमांच्या नावांभोवतीचे चौकोनी कंस काढा. आत्ताची तारीख-वेळ देणाऱ्या 'गेटडेट' च्या जागी 'करंट_टाइमस्टॅम्प' लिहा, तेही दोन्हीकडे चालतं.

टेबलं बनवताना नावं अवतरणात, मोठ्या-लहान अक्षरांत दिली होती का? पोस्टग्रेस अवतरणाबाहेरचं नाव लहान अक्षरांत नेतो, मग समोर दिसत असलेलं टेबल 'अस्तित्वात नाही' म्हणतो. सगळी नावं लहान अक्षरांत करून घ्या, सुटसुटीत पडतं.

पऱ्हाटी:
दोन्ही बसलं जी. दुसरं मशीन सरकीच्या गोदामात आहे. तिथे तसाच डीएसएन केला, पण कनेक्शनच होत नाही.

रेचा:
आधी पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ५४३२ देऊन पाहा. 'ट्रू' आलं तर तार आणि पोर्ट ठीक. मग चुकीच्या संदेशात पीजी_एचबीए चं नाव असेल, म्हणजे कोणत्या पत्त्यावरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल. त्या फाइलीत गोदामाच्या मशीनचा पत्ता घाला आणि सर्व्हिस नुसती रीलोड करा. 'फॉल्स' आलं तर सर्व्हरचा फायरवॉल बघा, आणि केबलही. तांब्याची केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच. गोदाम त्यापेक्षा लांब असेल तर मधे स्विच लागेल, आणि त्या स्विचला यूपीएस. नाहीतर लाइन गेली की दोन्ही मशीन चालू राहूनही कनेक्शन मधेच तुटेल आणि पावती अर्धवट अडकेल.