'व्हिस्की' म्हणजे खरंच 'जीवनाचं पाणी'?

आडवाट: 'व्हिस्की' हा शब्द आयरिश 'उइस्के बेआथा'वरून आला, असं वाचलं. नुसत्या 'उइस्के'चा अर्थ काय? आणि 'उदक'शी त्याचं नातं आहे म्हणतात, ते खरं की ओढूनताणून?

शब्दकिडा: व्युत्पत्ती बरोबर, उच्चार चुकला. 'इश्के ब्याहा' म्हणा. सुरुवातीचा यू मुका, आय-ईच्या मध्ये सापडलेल्या एसचा 'श', आणि टीएचचा नुसता 'ह'.
'इश्के' म्हणजे साधं पाणी. आयर्लंडच्या रस्त्यांवर जलवाहिनीच्या लोखंडी झाकणांवर हाच शब्द असतो. दारूचा अर्थ फक्त जोडशब्दाला, आणि तोही लॅटिन 'अक्वा विटे'चा शब्दशः अनुवाद. आयरिश कविकल्पना वगैरे नाही. आयरिश बखरींत १४०५ सालची नोंद आहे: सरदार घराण्यातला एक जण हे बेसुमार पिऊन मेला. बखरकाराने तिथेच कोटी केलीय, की त्याला ते मरणाचं पाणी ठरलं!

धातुपाठ: नातं खरं आहे, पण कानावर विसंबू नका. कानाला 'इश्के'च्या सर्वांत जवळचा शब्द 'इश्क', आणि त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.
मूळ 'उद्'. त्यातून आपलं 'उदक', ग्रीक 'हुदोर', इंग्रजी 'वॉटर'. आयरिशमध्ये त्याला 'स्क'चा प्रत्यय लागला, मधला 'द' झिजला, म्हणून चेहरा ओळखू येत नाही.
'ब्याहा' तर थेट 'जीव'च्या कुळातला. ज्या मूळ ध्वनीचा संस्कृतात 'ग' किंवा 'ज' झाला, त्याचा आयरिशमध्ये 'ब' होतो. 'गो'ला 'बो', 'जीव'ला 'ब्यो' (जिवंत). एकच जोडी जुळली तर योगायोग म्हणता येईल. नियमाने जोड्या जुळत गेल्या की नातं पक्कं.

शब्दकिडा: आणखी एक गंमत. आजच्या आयरिशमध्ये व्हिस्कीला 'फिश्के' म्हणतात. म्हणजे आपलाच शब्द इंग्रजीकडून उसना परत घेतला! इंग्रजीतला फुंकर मारून म्हटलेला 'व्ह' आयरिश कानाला 'फ' वाटला. 'व्हिप'चा (चाबूक) 'फिप' झाला तसाच.

आडवाट: मग बोलताना पाणी आणि व्हिस्की यांत घोळ होत नाही?

धातुपाठ: एका ठिकाणी होतो. 'माझा' या अर्थाच्या 'मो'नंतर पुढच्या शब्दातला 'फ' गळतो, आणि स्वरापुढे 'मो'चा ओकारही जातो. त्यामुळे 'माझं पाणी' आणि 'माझी व्हिस्की', दोन्ही 'मिश्के'. फरक फक्त लिहिताना दिसतो.