चाकांचे बूट: टाचेत एक चाक की बटणवाले? आणि शिकवायचे कसे?

हट्टापुढे_हतबल
मुलगी आठ वर्षांची. सायकल येते, स्केटिंग कधी केलेलं नाही. सध्या चाकाच्या बुटांचं खूळ डोक्यात बसलंय. दोन प्रकार दिसतात: एकात टाचेमध्ये एकच चाक, दुसऱ्यात बटण दाबलं की दोन किंवा चार चाकं बाहेर येतात. नवशिक्यासाठी कोणते बरे? माप एक नंबर मोठं घेतलं तर चालेल का? मुख्य म्हणजे थांबायचं कसं, हे दुकानदारांनाही धड सांगता येत नाहीये.

टाचेचा_कारागीर
माझं मत एका चाकाच्या बाजूने. मूळ जात तीच. रॉजर अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने साध्या बुटाची टाच कोरून त्यात चाक बसवून पाहिलं, आणि २००० मध्ये 'हीलीज' या नावाने असे बूट बाजारात आले. रचना अगदी साधी आहे. टाचेत वाटीसारखा खळगा, त्यात आडवा आखूड आस, आसावर चाक, चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक बेअरिंग. आसाची टोकं खळग्यातल्या खाचांत दाबून बसतात. चाक सोलच्या खाली थोडंसंच डोकावतं, त्यामुळे भार चवड्यावर असेपर्यंत चालता येतं आणि चवडे उचलले की घरंगळता येतं.

चाक उपसायला बुटासोबत छोटं हत्यार येतं. काढल्यावर खळग्यात टोपण बसवायचं. हे टोपण पहिल्याच आठवड्यात हरवतं, आणि मग उघड्या खाचेत माती-खडे दाबले जातात. पुढच्या वेळी चाक वरवर बसल्यासारखं वाटतं पण आस खाचेत गेलेला नसतो. बसवताना 'टक्' झालं पाहिजे, आणि नंतर बोटांनी ओढून हललं नाही पाहिजे.

बटणवाल्यांत चाकं एका झडपेवर असतात. स्प्रिंगने झडप बाहेर येते आणि खिट्टीवर अडकते. म्हणजे मुलाचं सगळं वजन त्या खिट्टीवर. खिट्टी झिजली किंवा वाळूचा कण मध्ये आला की ती अर्धवट लागते, आणि नेमका जोर आला की चाकं आत मिटतात. शिवाय बूट उलटा करून बघा: टाचेच्या मागच्या कडेला ब्रेकसाठी जाड रबर आहे का? नसेल तर थांबायचं कशाने?

माप मोठं अजिबात नको. वाढत्या पायाचे बूट हा हिशोब शाळेच्या बुटांना ठीक आहे. इथे टाच आत उचलली गेली की चाक एकीकडे आणि पाय दुसरीकडे. नाडी आवळून मुलीला चवड्यांवर उभं करा. टाच बुटातून सुटत असेल तर माप चुकलं. बोटांपुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा पुरते.

चवडे_वर
बटणवाल्यांना सरसकट मोडीत काढू नका. चार चाकंवाल्यात पुढे दोन, मागे दोन असल्याने उभं राहायला आधार जास्त मिळतो. पण ते स्केटिंग झालं, पायाने बाजूला रेटत जायचं. टाचेच्या चाकावर रेटायचं नसतं, धावत येऊन घसरायचं असतं. एक शिकलं म्हणून दुसरं येत नाही. मुलीला 'सुर्रकन' जायचं असेल तर टाचेचंच घ्या.

शिकवण्यात नव्वद टक्के मुलं एकच चूक करतात: दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून चवडे उचलतात. दोन चाकं एका आडव्या रेषेत आली की पुढे-मागे आधारच उरत नाही, धाडकन पाठीवर. पाय पुढे-मागे हवेत, मधे साधारण तिच्याच एका पावलाएवढं अंतर. मग एक चाक पुढे, एक मागे, आणि वजन त्यांच्यामध्ये.

क्रम असा ठेवा. आधी चाकं न लावता भिंत धरून ही ठेवण घोटायची: पाय पुढे-मागे, दोन्ही चवडे वर, गुडघे किंचित सैल, नजर समोर. मग चाकं लावून तेच, जागच्या जागी, अजून भिंत धरूनच. त्यानंतर तुम्ही समोरून दोन्ही हात धरून हळू ओढा. ती तुमच्या हातांवर लोंबकळत असेल तर सोडायची घाई नको. हात सुटल्यावर तीन-चार पावलं नेहमीसारखी चालायची आणि शेवटच्या पावलाला पुढचा पाय टाचेवर टेकवायचा, मागचा लगेच त्याच्या मागे. सुरुवातीला दोन-तीन हात अंतर गेली तरी पुष्कळ.

पण घसरण्याआधी थांबणं शिकवा. मागच्या पायाचा चवडा आणखी वर उचलला की टाचेची मागची रबरी कड जमिनीला घासते, तोच ब्रेक. हळूहळू दाबायचा. घाबरून पुढच्या पायाचा चवडा आपटला तर पाय जागीच थांबतो आणि अंग पुढे जातं. वेग अगदी कमी असेल तर मागचा चवडा टेकवून सरळ चालायला लागलं तरी चालतं. उतारावर मात्र हा ब्रेक पुरत नाही, रबराचा तुकडा तो केवढा! उतार पूर्ण बंद.

जमीन: गुळगुळीत, कोरडं काँक्रीट सर्वांत चांगलं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडतं, कारण चाकच इतकं लहान की बोराच्या बीएवढा खडाही त्याच्या दृष्टीने धोंडा. ओल्या फरशीवर चाक आणि ब्रेक दोन्ही निसटतात.

प्लास्टर_नको
वरच्या दोघांनी संरक्षणाचा शब्दच काढला नाही, म्हणून लिहितो. खूळ भरात असताना, २००६ च्या उन्हाळ्यात, डब्लिनच्या मुलांच्या रुग्णालयात दहा आठवड्यांत असल्या बुटांवरून पडलेली ६७ मुलं आली होती. बहुतेकांना लागलं होतं ते हाताला: मनगट, कोपर, कोपराखालची हाडं. कारण उघड आहे. चाक टाचेत, म्हणजे तोल जातो मागे, आणि पडणारा माणूस हात मागे टेकतो, तोही कोपर ताठ ठेवून.

त्यामुळे गुडघ्याच्या पॅडआधी मनगटाचे गार्ड घ्या, तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असलेले. हेल्मेट डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारं स्केटिंगचं. सायकलचं बऱ्याचदा मागे उघडं पडतं. पडायचंही शिकवा: तोल गेला की खाली बसत एका कुशीला जायचं, हात छातीशी.

सरकता जिना, साधा जिना, रस्ता ओलांडणं, गर्दी: इथे चाकं काढलेलीच हवीत. 'मी चवड्यावर चालेन' हे आठ वर्षांच्या मुलीच्या पाच मिनिटं लक्षात राहतं. आणि दिवसभर घालायचे बूट हे नव्हेत. जड असतात आणि टाच कडक असते.

हट्टापुढे_हतबल
टाचेचं एक चाक, नेमकं माप आणि आधी मनगटाचे गार्ड, ठरलं. देखभाल काय लागते? बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर?

टाचेचा_कारागीर
पाण्यापेक्षा केस आणि धागे जास्त छळतात. ते आस आणि बेअरिंगच्या मधे गुंडाळले जातात आणि चाक जड फिरायला लागतं. चाक काढा, चिमट्याने धागे ओढून काढा, टिचकी मारून फिरवा. खरखर आली तर आत माती आहे. बेअरिंग काढता येत असेल तर स्पिरिटमध्ये हलवून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. गंज सोडवायचा फवारा मारून थांबू नका. त्याने आतलं ग्रीस धुतलं जातं आणि चार दिवसांत पुन्हा खरखर.

भिजलेच तर चाकं उपसून बूट आणि चाकं वेगवेगळी सावलीत वाळवा. उन्हात सोलचा गोंद सुटतो.

झीज दोन जागी बघायची. चाक एका अंगाने निमुळतं झालं असेल तर उलटं फिरवून बसवा, किंवा डाव्या-उजव्या बुटात अदलाबदल करा. चाक झिजून सोलच्या बरोबरीला आलं की जोडीने बदला, एकच नवं घातलं तर एक पाय उंच राहतो. दुसरी जागा ब्रेकच्या रबराची. नेहमी मागे राहणाऱ्या पायाचं आधी संपतं. त्याची नक्षी पुसट झाली की बूटच बदला. चाक नवं मिळतं, टाच नाही.