मदत हवी आहे: कमी खर्चात पाच किंवा सहा तारांचा बेस गिटार

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं चार तारांचा बेस वाजवतोय. आमच्या गायिकेची पट्टी अशी, की निम्मी गाणी डी नाहीतर सी मध्ये येतात. मूळ स्वर माझ्या ई तारेच्या खाली जातो, मग तो एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि खर्जाचा भारदस्तपणाच जातो. ई उतरवून डी पर्यंत निभतं. सी ला तार इतकी लोंबते की फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटत राहते. स्वर एक सप्तक खाली उतरवणारा ऑक्टेव्ह पेडल उसना आणून पाहिला. खालच्या स्वरांवर अडखळतो आणि दोन तारा एकदम वाजल्या की बरळतो.

नवीन चांगला बेस परवडणार नाही. डोक्यात तीन गोष्टी आहेत: स्वस्तातला सहा तारांचा घेणे, जुना पाच तारांचा शोधणे, किंवा आहे त्यालाच नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी खालच्या बी-ई-ए-डी तारा लावणे. (खरं सांगायचं तर सहा तारांचा मोह आहेच. वरच्या सी तारेवर कॉर्ड फार गोड लागतात.) अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १:
हौस सहाची दिसते, गरज मात्र खर्जाची आहे. आधी बी-ई-ए-डी करून बघा. पाच तारांचा सेट घ्या, त्यातली जी तार बाजूला ठेवा. बी तार साधारण ०.१३० इंचाची असते, ०.१०५ च्या ई साठी कापलेल्या नटच्या (दांडीच्या म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत ती बसणार नाही. खाचा रुंद कराव्या लागतील. ताण बदलल्यामुळे ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळई) थोडा फिरवावा लागेल आणि इंटोनेशनसाठी, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर सुरात यावा म्हणून, बी चं सॅडल (खालच्या टोकाला ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्यावं लागेल. तेवढी जागा ब्रिजवर आहे का ते आधी पाहा. जाड तार ट्यूनिंग कीच्या (तार पिळायच्या खुंटीच्या) भोकात शिरते का, हेही. वरचे पाच अर्धस्वर जातील, पण साथीत ते कितीदा लागतात?

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. सहा तारांच्या बेसचा नेक रुंद असतो, नटपाशी साधारण ५४ मिमी. चार तारांच्या जॅझ बेसचा ३८. मनगटाला सवय व्हायला महिने जातात, न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं हा वेगळाच व्याप, आणि तारांचा सेटही महाग.

जुना पाच तारांचा घ्यायचा झाल्यास हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) नेकवर नजर टाका. पिळलेला असेल तर फुकटही नको. बी तार पाचव्या फ्रेटवर दाबून उघड्या ई शी ताडून बघा. नुसती भणभणली तर कधी कधी तार जुनी असते, कधी बेसच तसा. ३४ इंची स्केलवरही (नट ते ब्रिज तारेची लांबी) चांगली बी मिळते, ३५ इंचच हवं असं नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. सॅडलला मागे बोटभर जागा आहे. एकच शंका: नट एकदा कानशीने घासला की नेहमीच्या तारा परत लावता येतील का?

प्रतिसाद १:
रुंद खाचेत बारीक तारा हलतील. म्हणून मूळ नट काढून जपून ठेवा आणि नव्या, स्वस्त नटवर खाचा पाडून घ्या.